चाकं पोटात घेतलेलं विमान

एक गोष्ट आधीच कबूल करून टाकते. माझं शिक्षण पहिलीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे मॅगझिन कमिटीने मराठी विभागासाठी माझ्याकडे लेख मागितला तेव्हा माझ्या रूम पार्टनर्स पोट धरून हसल्या. शुद्धलेखनाच्या चुका आढळल्या तर कृपया पोटात घाला. नाहीतरी हा लेख पोटात घालण्याबद्दलच आहे! विमानाची चाकं पोटात कशी घालायची याबद्दल. तेही खऱ्या विमानाची नव्हे, सव्वीस सेंटिमीटर लांबीच्या प्लास्टिकच्या विमानाची.

सुरुवात मात्र गावापासून करावी लागेल.

माझं गाव मुरुम. तालुका उमरगा, जिल्हा धाराशिव (म्हणजे पूर्वीचा उस्मानाबाद). सोलापूरहून हैदराबादकडे जाताना हायवे सोडून आत वळलं की आमचं गाव लागतं. आई-बाबा नोकरीमुळे सोलापूरला, पण उन्हाळ्याची सुट्टी ठरलेली असायची आबांकडे, म्हणजे माझ्या आजोबांकडे. रात्री माळवदावर अंथरुणं टाकली की वरून लुकलुकत विमान जायचं. दिवसा नुसती पांढरी रेघ दिसायची. मुरुमला विमानतळ नाही, त्यामुळे आमच्या आभाळातलं विमान कधी खाली येतच नाही. ते नेहमी कुठून तरी कुठेतरी चाललेलं असतं.

आबा रस्त्याच्या कामावर मुकादम होते. आयुष्यभर खडी, मुरुम आणि रोलर यांच्यातच राहिले. विमान त्यांनी जवळून कधी पाहिलं नाही. मी लहान असताना एकदा त्यांनी विचारलं होतं, "याला चाकं नसत्यात का गं?" मी तेव्हा फार ऐटीत सांगितलं होतं, "असतात आबा, दिसत नाहीत." का दिसत नाहीत हे मात्र मलाही माहीत नव्हतं.

आता आबांचे गुडघे माळवदावर चढू देत नाहीत. म्हणून मागच्या दिवाळीत साठवलेल्या पैशांतून मी एअरबस ए-३२० चा १/१४४ प्रमाणाचा किट घेतला आणि ठरवलं की हे विमान आबांना द्यायचं. पण जसं ते मुरुमवरून जातं तसंच द्यायचं, म्हणजे चाकं आत, स्टँडवर, उडत असलेलं. अडचण एवढीच होती की आमच्या मेकॅनिकल डिपार्टमेंटच्या काचेच्या कपाटासाठी सरांनीही हेच विमान मागितलं होतं आणि त्यांना ते चाकं खाली असलेलं हवं होतं. किट एकच. आणि दरवाजे एकदा चिकटवले की परत उघडत नाहीत!

खरं विमान चाकं का लपवतं?

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला विमान आणलं. ते विमान होतं पस मॉथ. त्याची चाकं कायम बाहेरच असत. गंमत म्हणजे त्याच्या चाकांच्या दांड्यांवरची आवरणं नव्वद अंशात फिरवता येत. आडवी वळवली की ती हवा अडवत आणि वेग कमी करायला ब्रेकसारखी उपयोगी पडत. म्हणजे चाकाची नुसती दांडीसुद्धा हवेला किती अडवू शकते, हे त्या काळच्या डिझायनरला पक्कं ठाऊक होतं.

पस मॉथ ताशी साधारण १७० किलोमीटर वेगाने जायचं. ए-३२० जातं सुमारे ८३० ने. म्हणजे जवळजवळ पाचपट. फ्लुइड मेकॅनिक्स ज्यांनी एकाच अटेम्प्टमध्ये काढला त्यांना आठवेल की हवेचा रोध, म्हणजे आपला ड्रॅग, वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वेग पाचपट तर रोध पंचवीसपट. ११ किलोमीटर उंचीवर हवा विरळ असते, तिची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ३० टक्केच, हे धरलं तरी सात-आठपट उरतोच. एवढ्या वाऱ्यात चाकं लोंबकळत ठेवणं परवडणारं नाही. त्यामुळे विमान जमीन सोडून नक्की वर चढतंय अशी खात्री झाली की लगेच चाकं आत घेतली जातात. त्यालाही वेगाची मर्यादा आहे. ए-३२० मध्ये चाकं आत घ्यायची ती २२० नॉट्सच्या, म्हणजे ताशी सुमारे ४०७ किलोमीटरच्या आत. त्यापुढे दरवाजे आणि यंत्रणेवर नको एवढा ताण येतो.

"चाकं लावू नकोस, झालं!"

मी हा उद्योग सुरू केला तेव्हा रूममध्ये सगळ्यांनी हाच सल्ला दिला. मलाही तसंच वाटलं होतं. चाकं लावायची नाहीत, दरवाजे चिकटवायचे, विषय संपला. पण विमानाच्या पोटाचे फोटो नीट पाहायला लागल्यावर कळलं की प्रत्येक विमान चाकं वेगळ्या तऱ्हेने झाकतं.

बोईंग ७३७ घ्या. त्याच्या मुख्य चाकांना पूर्ण झाकणारे दरवाजेच नाहीत. फक्त दांडीपुरती झापडं असतात. चाक पोटात जाऊन आडवं बसतं, त्याची बाहेरची बाजू पोटाशी सपाट येते आणि कडेने रबरी सील असतं. खालून पाहिलं तर दोन काळी वर्तुळं दिसतात. म्हणजे ७३७ चं उडतं मॉडेल करताना ती भोकं पुट्टीने बुजवली तर ते चूक! तिथे चाक आडवं बसवायचं असतं.

ए-३२० चं वेगळं. त्याच्या मुख्य चाकाला पोटाखाली एक मोठा दरवाजा असतो आणि दांडीला जोडलेली वेगळी झापडं असतात. चाक खाली आलं की मोठा दरवाजा पुन्हा बंद होतो. त्यामुळे विमानतळावर उभ्या असलेल्या ए-३२० चेही पोटाखालचे मोठे दरवाजे बंदच दिसतात. उघडी असतात ती फक्त दांडीची झापडं. पुढच्या चाकाचंही तसंच. चार दरवाजांपैकी पुढचे दोन परत मिटतात, मागचे दोन उघडे राहतात. उडताना मात्र सगळं बंद, पोट एकदम सपाट.

थोडक्यात, आपण झाकतोय ते आधी माहीत असलं पाहिजे.

आपल्या इंडियन एअरलाइन्सची आठ चाकं

आणि इथेच मी अडकले. मला विमान इंडियन एअरलाइन्सचं करायचं होतं, नारिंगी शेपटीचं, कारण आबांच्या आठवणीत देशातलं विमान म्हणजे तेच. ही कंपनी २००७ मध्ये एअर इंडियात विलीन झाली. पण १९८९ पासून तिच्याकडे आलेल्या ए-३२० विमानांत एक गोष्ट जगावेगळी होती. जगभरातल्या ए-३२० ला मागे प्रत्येक बाजूला दोन अशी चार मुख्य चाकं असतात. इंडियन एअरलाइन्सने मात्र प्रत्येक बाजूला चार चाकांची बोगी मागवून घेतली. एकूण आठ, आणि ती आकाराने लहान. अशी ए-३२० दुसऱ्या कोणत्याही कंपनीने घेतली नाही.

का? उत्तर सिव्हिलवाल्यांच्या सिलॅबसमध्ये आहे. आपल्याकडच्या बऱ्याच धावपट्ट्या तेव्हा जड जेटसाठी पुरेशा मजबूत नव्हत्या. हिशोब करून बघा. त्या वेळच्या ए-३२० चं उड्डाणाचं कमाल वजन सुमारे ७३.५ टन. त्यातला साधारण ९४ टक्के भार मुख्य चाकांवर धरला तर ६९ टन. चार चाकांत वाटला तर एका चाकावर १७ टनांच्या वर. आठ चाकांत वाटला तर साधारण साडेआठ टन. आपल्या ट्रकच्या चार टायरच्या एका अ‍ॅक्सलला २०१८ च्या नियमाप्रमाणे ११.५ टनांची मुभा आहे. म्हणजे चार चाकांच्या ए-३२० चं एकटं चाक ट्रकच्या अख्ख्या अ‍ॅक्सलपेक्षा जास्त भार टाकतं! धावपट्टीची ही ताकद आणि विमानाचा तिच्यावरचा ताण जुळतो का हे पाहायला जगभर एसीएन-पीसीएन ही आकड्यांची पद्धत होती; २०२४ पासून तिच्या जागी एसीआर-पीसीआर आली आहे.

अर्थात बोगी फुकट येत नाही. चाकं जास्त, ब्रेक जास्त, सुटे भाग जास्त, वजन जास्त. २००० नंतरच्या दशकात इंडियन एअरलाइन्ससाठी ज्या नव्या एअरबस मागवल्या गेल्या त्यांना नेहमीची जोडचाकंच होती.

आता माझा पेच लक्षात आला का? माझ्या किटमध्ये साधी जोडचाकं होती. चाकं खाली ठेवून इंडियन एअरलाइन्सचं विमान केलं असतं तर ते चुकीचं झालं असतं. चाकं पोटात घेतली की चूक दिसत नाही, पण मग आपल्या विमानाचं जे वैशिष्ट्य तेही दिसत नाही. मी चाकं आत घेतली. बोगीचं काय केलं ते शेवटी सांगते.

साहित्य आणि कृती

(पाककृतीसारखं लिहिलंय, कारण मेसच्या जेवणानंतर कुठलीही कृती वाचायला बरी वाटते.)

साहित्य: किट, प्लास्टिक चिकटवायचा सिमेंट, गाड्यांच्या डेंटिंगवाल्याकडे मिळते ती पुट्टी, ४००, ६०० आणि १००० नंबरचा वॉटर पेपर, जुन्या सीडीचा पारदर्शक डबा, सुई, कटर, सायकलच्या दुकानातले थोडे छर्रे, पितळी सळई आणि तिच्यावर बसणारा नट.

१. आधी काहीही न चिकटवता सगळे दरवाजे जागेवर ठेवून बघा. माझ्या किटमध्ये ते उघडे लावण्यासाठी बनवलेले होते. त्यामुळे प्रत्येकाला बिजागरीचे बारीक खुंट होते आणि माप भोकापेक्षा केसभर लहान होतं. म्हणजे बंद करायला गेलं की दरवाजा सरळ आत पडतो.

२. खुंट कटरने काढून टाका आणि कडा घासून सरळ करा.

३. आता महत्त्वाचं. भोकाच्या आतल्या कडेला चारही बाजूंनी बारीक पट्ट्या चिकटवा, म्हणजे दरवाजाला टेकायला ओटा मिळतो. मी सीडीच्या डब्याच्या पट्ट्या कापल्या. हा डबा पॉलिस्टायरिनचा असतो आणि किटही त्याचाच, त्यामुळे एकच सिमेंट दोघांना वितळवून एकजीव करतो. डबा ठिसूळ असतो. एका झटक्यात तोडायला जाऊ नका, कटरने चार-पाच वेळा रेघ ओढा आणि मग मोडा. ओट्याची खोली अशी ठेवा की दरवाजा पोटाच्या पातळीला किंवा किंचित वर येईल. वर आलेला घासता येतो, आत गेलेला वर काढता येत नाही.

४. हे सगळं विमानाचे दोन अर्धे भाग जोडण्याआधी करा. (का, ते खाली "फजिती" मध्ये.)

५. दरवाजे चिकटवून एक रात्र वाळू द्या. मग फटीत पुट्टी भरा, पण पातळ थरांत. जाड थर वाळताना आकसतो आणि रंग दिल्यावर तिथे खळगा उमटतो. शिवाय पुट्टीतला सॉल्व्हंट पातळ प्लास्टिक मऊ करतो.

६. वॉटर पेपर पाण्यात बुडवून घासा. आधी ४००, मग ६००, शेवटी १०००. बोट फिरवल्यावर फट लागली नाही पाहिजे. डोळा फसतो, बोट फसत नाही.

७. आता पोट छान गुळगुळीत झालं म्हणून खूश होऊ नका. खऱ्या विमानाचे दरवाजे बंद असले तरी त्यांची रेघ दिसते. सुईने पट्टी धरून त्या रेघा पुन्हा कोरा. नाहीतर विमानाला चाकं कधी नव्हतीच असं वाटतं.

स्टँडचं गणित

जमिनीवर उभं ठेवायचं मॉडेल शेपटीवर बसू नये म्हणून नाकात वजन घालावं लागतं. मला वाटलं, आपण सुटलो. पण टेपने अर्धे भाग जोडून बोटावर तोल पाहिला तर तो नेमका मुख्य चाकांच्या दरवाजांच्या जागी येत होता. तिथे सळईचं भोक पाडलं तर एवढ्या कष्टाने बंद केलेले दरवाजे वाया! म्हणून शेवटी नाकात छर्रे घालावेच लागले. तोल थोडा पुढे सरकला आणि दरवाजांच्या पुढे भोक पाडता आलं. भोकाच्या आत नट पक्का चिकटवला. नुसत्या पातळ प्लास्टिकला सळई धरवत नाही, काही दिवसांत भोक मोठं होऊन विमान डुलायला लागतं.

सळई थोडी तिरकी बसवा. सरळ उडणाऱ्या जेटचं नाक दोन-तीन अंश वर असतं. एवढ्याशा फरकाने विमान "टांगलेलं" न वाटता "चाललेलं" वाटतं. पंखांचे फ्लॅप्सही आत असले पाहिजेत. चाकं आत आणि फ्लॅप्स पूर्ण खाली असं करून कुणी हैदराबादला जात नाही. इंजिनचा पंखा उडताना गरगर फिरतो, पाती वेगळी दिसत नाहीत. ते मला जमलं नाही, माझ्या विमानाची पाती मोजता येतात. कबूल.

माझी फजिती

क्रमांक ४ मध्ये जे सांगितलं ते मी स्वतः पाळलं नव्हतं. मुख्य दरवाजे ओट्यावर नीट बसवले, पण पुढच्या चाकाचे दरवाजे एवढे छोटे की वाटलं, याला कशाला ओटा? अर्धे भाग जोडले, दोन दिवस वाळवले आणि पुढचा दरवाजा बोटाने दाबून बसवायला गेले. टक् असा आवाज झाला आणि दरवाजा आत! विमानाचा खुळखुळा झाला. त्या रात्री मजल्यावरची प्रत्येक मुलगी येऊन विमान कानाशी धरून हलवून गेली. रेक्टर मॅडमसुद्धा.

जोड उघडला असता तर पूर्ण नाक गेलं असतं. मग एक युक्ती केली. भोकातून थोडा सिमेंट आत सोडला आणि विमान एका बाजूला कलतं ठेवून आतला तुकडा तिथेच चिकटवून टाकला. खुळखुळा बंद. भोकाच्या आत चिमट्याने एक पट्टी आडवी बसवली आणि सीडीच्या डब्याचा नवीन तुकडा घासून घासून पातळ करून दरवाजा बनवला. चार तुकडे मोडले, पाचवा बसला. त्यात एक सबमिशन चुकलं. त्याबद्दल संबंधित सरांची इथेच जाहीर माफी मागते.

मुरुममध्ये

मार्चमध्ये चार दिवस सुट्टी मिळाली तेव्हा विमान बुटांच्या खोक्यात कापसात गुंडाळून एसटीने गावी नेलं. मांडीवरून एकदाही खाली ठेवलं नाही. आबा ओसरीवर बसले होते. त्यांनी विमान हातात घेतलं, चष्मा वर केला आणि शेपूट नाही, पंख नाही, आधी पोट उलटं करून पाहिलं.

"चाकं कुठं गेली गं?"

"आत आहेत, आबा."

"किती?"

"खऱ्या विमानात दहा. पुढं दोन, मागं आठ."

"आठ कशापायी?"

आता बोगीचं सांगते. किटमधली चार मुख्य चाकं तशीही शिल्लक होती. ती घासून थोडी लहान केली, दोन आस आणि एक आडवी दांडी जोडली आणि इंडियन एअरलाइन्सची एका बाजूची चार चाकांची बोगी तयार केली. ती मी खिशातून काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. १७ टन आणि साडेआठ टनांचा हिशोब सांगायला सुरुवात केली, तर त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"ते मला नको सांगू," म्हणाले. "पहिल्या बैलगाड्यांना लोखंडी धाव असायची, बोटाएवढी रुंद. नव्या रस्त्यावर मुरुम टाकला, पाणी मारलं, रोलर फिरवला, की दुसऱ्या दिवशी गाड्यांच्या चाकोऱ्या पडलेल्या. खाली काळी माती, ती पावसात फुगती. मग टायरच्या गाड्या आल्या. बैल तेच, माल जास्ती, पण रस्ता टिकाया लागला. वझं तेवढंच असतंय बाळ, ते किती जागेवर टेकतंय ते बघायचं."

जी गोष्ट समजायला मला धावपट्टीच्या ताकदीवरची दोन चॅप्टर्स वाचावी लागली, ती आबांनी ओसरीवर बसून सांगितली. माझ्या गावाच्या नावाचाच जो मुरुम, तो त्यांनी चाळीस वर्षं रस्त्यावर पसरलाय. विमानाचं चाक कशासाठी वाढवलं हे त्यांना कळणार नाही, असं मला का वाटलं होतं कोण जाणे.

विमान आता मुरुमला आहे, टीव्हीशेजारच्या फळीवर, नाक हैदराबादकडे करून. दिशा आबांनी ठरवली. कोणी आलं की ते विमान खाली काढतात, पोट दाखवतात आणि म्हणतात, "आत आठ हायत." (पुढची दोन ते मोजत नाहीत.)

बोगी मात्र मी परत आणली. सरांना सगळी हकीकत सांगितली, त्यांनी काहीच न बोलता कपाटाची किल्ली दिली. डिपार्टमेंटच्या काचेच्या कपाटात वरून दुसऱ्या खणात, गिअरबॉक्सच्या कटमॉडेलशेजारी, पेन्सिलीच्या टोकाएवढी चार चाकं दिसतील. तीच ती. येता-जाता जरूर बघा. आणि कुणाला चाकं पोटात घेतलेलं विमान करायचं असेल तर लेडीज हॉस्टेलच्या वॉचमन काकांकडे माझ्या नावाने निरोप ठेवा. पुट्टीचा डबा अजून अर्धा शिल्लक आहे.

चूकभूल द्यावी घ्यावी.